सीलियक प्लेक्सस ब्लॉकच्या आधीच्या आठवड्याची यादी

माझ्या काकूंना स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि त्यांचा सीलियक प्लेक्सस ब्लॉक, म्हणजे पोटातल्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याशी सुईने औषध सोडून वेदना कमी करण्याचा उपचार, पहिल्या खेपेस रद्द झाला तो सर्वस्वी माझ्या चुकीमुळे. उपाशी ठेवणे, फाईल घेणे, गाडी सांगून ठेवणे, सगळे वेळेवर झाले होते. गाऊन घालताना सिस्टरांना काकूंच्या बेंबीभोवती निळे-जांभळे डाग दिसले आणि त्यांनी विचारले, "हे कसले?" पायाच्या शिरेत गुठळी झाल्यापासून दोन महिने रोज पोटाच्या कातडीखाली जे रक्त पातळ करणाऱ्या एनोक्सापॅरिनचे इंजेक्शन दिले जात होते, त्याचे ते डाग होते, आणि त्या दिवशीचे इंजेक्शन मी स्वतः सकाळी साडेसहाला देऊन निघालो होतो. आदल्या आठवड्यात मला फोनवर "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असे विचारले होते आणि मी गोळ्या सांगितल्या होत्या. इंजेक्शन ही गोळी नव्हे, त्याचा डबाही औषधांच्या पिशवीत नसून कपाटात वेगळा, त्यामुळे ते मला आठवलेच नाही. पुढची तारीख अकरा दिवसांनी मिळाली. ते अकरा दिवस काकूंनी उशी पोटाशी धरून, पुढे वाकून बसून काढले.

तेव्हा पहिली गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या औषधाची. वरच्या पोटातील अवयवांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतूंचे हे जाळे महाधमनीला लागूनच असते, साधारण बाराव्या पाठमणक्याच्या आणि पहिल्या कंबरेच्या मणक्याच्या पातळीवर. सुई तिथवर न्यायची असते. इतक्या खोल जागी रक्तस्राव झाला तर वरून दाबून धरता येत नाही, एवढे लक्षात घेतले की डॉक्टर या औषधाबाबत इतके कडक का असतात ते कळते. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, आणि त्यातही स्वादुपिंडाच्या, रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण बरेच असल्यामुळे असे काही औषध चालू असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून जास्त असते. एनोक्सापॅरिनचे इंजेक्शन, ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारॉक्साबॅनच्या गोळ्या, वॉरफरिन, हृदयात स्टेंट असेल तर क्लोपिडोग्रेल. प्रत्येकाचा थांबवण्याचा काळ वेगळा. एनोक्सापॅरिन उपचाराच्या पूर्ण मात्रेत चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर साधारण चोवीस तास जाऊ देतात, वॉरफरिन आणि क्लोपिडोग्रेल मात्र काही दिवस आधीच बंद करावे लागते, आणि मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर हा सगळा हिशोब बदलतो. म्हणूनच यातले काहीही आपल्या मनाने थांबवू नये. ज्यांनी ते सुरू केले ते डॉक्टर आणि जे ब्लॉक देणार ते डॉक्टर, या दोघांनाही विचारावे, आणि "शेवटचा डोस अमुक तारखेला, अमुक वाजता" असे कागदावर लिहून घ्यावे. फोनवरचे बोलणे धरू नये. तो कागद इंजेक्शनच्या डब्यावरच चिकटवावा, कारण सकाळच्या घाईत हात सवयीने डब्याकडेच जातो.

औषधांच्या यादीला "गोळ्या" हे शीर्षकच देऊ नये. तोंडातून जाते ते, कातडीखाली जाते ते, कातडीवर चिकटवले जाते ते, असे तीन भाग करून लिहावे. पोटातले इंजेक्शन दुसऱ्या भागात येईल आणि फेंटानिल या वेदनाशामकाचा पॅच तिसऱ्यात. पॅच असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध वेगाने शरीरात शिरते.

रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच. तरी कावीळ असेल किंवा नुकताच पित्तनलिकेत स्टेंट घातला असेल तर आय.एन.आर. (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) ताजाच हवा. पित्त आतड्यात उतरत नसेल तर के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि कोणतेही औषध चालू नसताना रक्त गोठायला वेळ लागतो. केमोथेरपी चालू असेल तर प्लेटलेटचा आकडाही ताजा हवा. महिन्यापूर्वीचा रिपोर्ट दाखवण्यात अर्थ नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टबरोबर सीडी न्यावी, कारण गाठ महाधमनीभोवती कितपत पसरली आहे हे डॉक्टरांना स्वतः पाहायचे असते आणि सुई कुठून घालायची ते त्यावर ठरते. पाठीतून सुई घालण्याची पद्धत १९१४ सालापासूनची आहे, आता ती सी-आर्म (क्ष-किरणांचे चालते चित्र दाखवणारे यंत्र) किंवा सीटीच्या साहाय्याने करतात. काही ठिकाणी पोटात दुर्बीण उतरवून एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने जठरातून सुई नेतात. आपल्या रुग्णाला यातले कोणते करणार, हे आधी विचारून घ्यावे.

पाठीतून करणार असतील तर पालथे झोपावे लागते, आणि हे कोणी सांगत नाही. ज्या माणसाला दोन महिन्यांत सरळ झोपता आलेले नाही त्याला पोटाखाली उशी घेऊन अर्धा तास पालथे झोपवणे म्हणजे काय, ते घरी एकदा करून पाहावे. काकूंना दहा मिनिटेही जमेना. पोटात पाणी झाले होते. दुसऱ्या खेपेस हे आधीच सांगितल्यामुळे पाणी काढले गेले आणि मॉर्फिनच्या सकाळच्या डोसची वेळही त्याप्रमाणे ठरवून मिळाली. उपाशी राहायचे म्हणून वेदनेच्या गोळ्या चुकवायच्या नसतात. घोटभर पाण्याबरोबर कोणत्या घ्यायच्या ते विचारावे. मॉर्फिनचा साठा आठवडाभराचा तरी असावा, कारण ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही आणि शनिवारी संध्याकाळी त्यासाठी धावपळ करण्यासारखे दुसरे हाल नाहीत.

उपाशी राहण्याचे नियम सर्वांना माहीत आहेत. फक्त गाठीमुळे जठर लवकर रिकामे होत नसेल, उलट्या होत असतील, तर नेहमीचे सहा तास पुरत नाहीत. मधुमेह असेल तर इन्सुलिन किती घ्यायचे ते विचारावे. रक्तदाबाच्या गोळीबाबतही विचारावे, कारण ब्लॉकनंतर रक्तदाब बऱ्याचदा खाली येतो. आणि हो, आदल्या रात्री ते पोटातले इंजेक्शन द्यायचे की नाही, हे पुन्हा एकदा त्या कागदावर पाहावे. पाठ आहे असे वाटले तरी पाहावे.

संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. सुईतून भूल देणारे औषध जाणार आहे की मज्जातंतू निकामी करणारे अल्कोहोल किंवा फेनॉल, हा पहिला. पहिल्याचा परिणाम तात्पुरता असतो, दुसऱ्याचा काही महिने टिकू शकतो. आमच्याकडे दोघा नातेवाइकांना अल्कोहोल हा शब्द ऐकून भलताच प्रश्न पडला होता, तो तिथेच मिटवून टाकावा. दुसरा प्रश्न धोक्यांचा: पायांतली शक्ती जाण्याचा धोका अगदी क्वचित असतो, पण असतो, आणि तो सहीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १०० रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत ब्लॉक घेतलेल्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या, पण त्यांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही आणि मॉर्फिनसारख्या औषधांच्या वापरातही फरक पडला नाही. यकृताचे आवरण ताणले गेल्यामुळे किंवा हाडांत पसरल्यामुळे होणारी वेदना या ब्लॉकने जाईलच असे नाही. म्हणून आठवडाभर कुठे, किती, केव्हा दुखते ते शून्य ते दहाच्या आकड्यांत वहीत टिपून न्यावे.

न्यायच्या सामानात डायपर आणि जास्तीचे कपडे असावेत. पहिले काही दिवस जुलाब होऊ शकतात. गाडीत पुढची सीट मागे झुकवता येईल अशी असावी.

घरी आल्यावर एकदम उभे करू नये, आधी बसवावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे थांबावे, मग धरून उठवावे. रात्री कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. पाठ दोन-तीन दिवस दुखते. मॉर्फिन एकदम बंद करू नये, कमी करायचे तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पायात बधिरपणा, पाय उचलता न येणे, लघवी अडणे, श्वास लागणे, चक्कर न थांबणे, यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता फोन करावा. आणि निघण्यापूर्वी, गाडीत बसण्याआधी, पोटातले इंजेक्शन पुन्हा कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू करायचे ते त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावे.