पहिला कॅमेरा घेताय? मेगापिक्सेल सोडा, हे बघा
घरच्या फोटोंसाठी साधा कॅमेरा हवाय ना, मग मेगापिक्सेलच्या मागे नका लागू, 10-12 असले तरी ए4 प्रिंट मस्त येते. डिजिटल झूमचा आकडा तर बघूच नका, तो नुसता फोटो कापून मोठा करतो, ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सने खरंच जवळ आणणारा, किती ते विचारा, 3 ते 5 पट भरपूर झाला. मेन म्हणजे दुकानातच कॅमेरा हातात घेऊन बंद-चालू करा आणि बटण अर्धं दाबून फोकस किती पटकन बसतो ते बघा, कारण पोरं काही थांबत नाहीत, तुम्ही क्लिक करेपर्यंत ती पलंगाखाली! सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, मोठा असला की रात्री घरात काढलेले फोटो कमी दाणेदार येतात. आणि हो, बॅटरी एक जादा घेऊनच टाका.