न्यूयॉर्कच्या नव्या घरात उंदीर दिसला तर
सापळा आणण्याआधी भोकं शोधा. शेगडीमागे, सिंकखाली, हीटरचा पाइप जमिनीत शिरतो तिथे हमखास फट असते, आणि पेन्सिल जाईल एवढी, साधारण ६ मिलिमीटरची फट उंदराला पुरते. तिथे स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) घट्ट कोंबून वरून सीलंट भरा. नुसता फोम तो सहज कुरतडतो. डाळी, शेंगदाणे, घरून आणलेलं भाजणीचं पीठ पिशवीत ठेवू नका, स्टीलच्या डब्यातच ठेवा. लेंड्या कोरड्या तर अजिबात झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून मगच पुसा.

घरमालकाला लेखी कळवायला संकोचू नका. तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत उंदरांचा बंदोबस्त करणं २०१८ च्या शहर कायद्यानुसार त्याचीच जबाबदारी आहे. टाळाटाळ केली, तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा.