बायकोचा करार, दोघांचं वर्ष: युरोपात फुटबॉल खेळायला निघालेल्यांसाठी

परदेशी क्लबचा करार एकाच माणसाच्या नावावर येतो. तिकीट, खोली, विमा, परवाना, सगळं त्या खेळाडूपुरतं. सोबत जाणाऱ्या माणसाचं काय, हे त्या कागदात कुठंच नसतं, आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त जीव ह्याच प्रश्नानं खाल्ला. माझी बायको बचावफळीत खेळते. ती जालन्याची, मी सेलूकडचा. लिथुआनियातल्या एका छोट्या क्लबनं तिला एका वर्षासाठी बोलावलं. मी संभाजीनगरातली तासिका तत्त्वावरची शिक्षकाची नोकरी सोडून तिच्यासोबत गेलो. आता मराठवाड्यातून पोरी मोठ्या मैदानांपर्यंत पोचायल्यात. त्यांच्या आईवडिलांनी आणि नवऱ्यांनी हे निघायच्या आधी वाचावं, म्हणून लिहितोय.

खेळाकडचे कागद तुम्हाला माहीत असतील. भारतीय फुटबॉल महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट गेल्याशिवाय तिकडं अधिकृत सामना खेळता येत नाही. जुन्या क्लबशी करार चालू असेल तर आधी तो रीतसर मोकळा करावा लागतो. ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची ठरलेली मुदत, बंद झाली की सहसा पुढच्या विंडोपर्यंत नुसता सराव करत बसायचं. हे काम क्लब आणि महासंघ आपसात करतात, तुम्ही फक्त रोज विचारत राहायचं.

माझं ठाम मत आहे की आधी इथं खेळा. इंडियन विमेन्स लीगमध्ये दोन पूर्ण सीझन, नव्वद मिनिटांचे सामने. भारतीय संघाची बाला देवी 2020च्या जानेवारीत ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली, ती इथं वर्षानुवर्षं गोल करून मगच. मनीषा कल्याण गोकुलम केरळकडून लीग जिंकून 2022मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघात गेली आणि महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. दोघींच्याही मागं इथले सामने होते. गाणं लावलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओवर कुणी करार देत नाही. प्रशिक्षकाला पूर्ण सामन्याचं चित्रीकरण लागतं. चेंडू तुमच्याकडं नसताना तुम्ही कुठं उभ्या असता, ते त्याला बघायचं असतं.

आणि जो माणूस ‘युरोपात ट्रायल’ म्हणून लाखांचं पॅकेज विकतो, त्याला दारातूनच परत पाठवा. ट्रायलला बोलावणाऱ्या क्लबला खेळाडू हवा असतो, तिच्या बापाची जमीन नाही. खेळाडूचा एजंट म्हणून काम करायला फिफाचा परवाना लागतो, आणि परवाना असलेल्यांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एजंटाशी करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. ‘पाच वर्षं माझ्याकडं राहा’ म्हणणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नसावा असं त्याला वाटतं. आम्हाला खरी मदत झाली ती बायकोच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांची. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण मसुद्यातली प्रत्येक ओळ त्यांनी आमच्याकडून मराठीत वदवून घेतली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, ‘हे नाही झालं तर काय?’ असा एक माणूस जवळ असू द्या.

करारात एक वाक्य शोधा: ‘व्हिसा किंवा वर्क परमिट मिळालं तरच, वैद्यकीय तपासणीत पास झालात तरच हा करार लागू’. फिफाच्या नियमाप्रमाणे करार अशा अटींवर टांगता येत नाही. तपासण्या आणि कागद क्लबनं सहीच्या आधी बघायचे असतात. आमच्या मसुद्यात हे वाक्य होतं. सरांनी बोट ठेवलं, आम्ही लिहून विचारलं, क्लबनं ते काढून टाकलं. भांडण झालं नाही. विचारल्यानं करार जातो ही भीती मनातून काढा.

आता ज्यात आम्ही अडकलो ते सांगतो. हे सावकाश वाचा.

सहीच्या वेळी मी विचारलं होतं, माझ्या व्हिसाचं काय? क्लबचा मॅनेजर व्हिडिओ कॉलवर हसून म्हणाला, नवरा सध्या टुरिस्ट व्हिसावर येऊ दे, पुढचं इथं आल्यावर करू. माणूस वाईट नव्हता, त्यालाही तेवढंच माहीत होतं. पण ‘इथं आल्यावर करू’ हे शब्द ऐकले की थांबायचं. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथल्या तिथं राहण्याचा परवाना मिळेल, असं धरून चालता येत नाही.

शेंगेन म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचं क्षेत्र, लिथुआनियाही त्यात. तिथल्या टुरिस्ट व्हिसाचा नियम असा: कुठल्याही 180 दिवसांच्या काळात जास्तीत जास्त 90 दिवस. लोक ह्याचा अर्थ ‘तीन महिने राहा, सीमा ओलांडून या, परत तीन महिने’ असा लावतात. तसं नाही. 180 दिवसांचा हिशोब रोज नव्यानं होतो. आजची तारीख धरून मागचे 180 दिवस मोजायचे आणि त्यात तुम्ही किती दिवस शेंगेनमध्ये होता ते बघायचं. उदाहरण घ्या. तुम्ही 1 ऑगस्टला उतरलात. उतरलेला दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही धरतात. ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30, म्हणजे 61. ऑक्टोबरचे 29 घातले की 90. तर 29 ऑक्टोबरला बाहेर पडायलाच पाहिजे. परत कधी? डिसेंबरात नाही, नवीन वर्षालाही नाही. 1 ऑगस्ट हा दिवस त्या 180 दिवसांतून गळून पडतो 28 जानेवारीला. त्या आधी एक दिवसही आत जाता येत नाही.

शेजारच्या देशात जाऊन यायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. लात्व्हिया शेंगेन, पोलंड शेंगेन. ह्या क्षेत्रात आता 29 देश आहेत आणि सगळ्यांचे दिवस एकाच खात्यात पडतात. 2025च्या ऑक्टोबरपासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळं पासपोर्टावरचा शिक्का पुसट आहे वगैरे सबब चालायची नाही. जास्त दिवस राहिलात तर पुढं प्रवेशबंदी होऊ शकते. शिवाय व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस आणि किती वेळा प्रवेश हे वेगळं लिहिलेलं असतं. एकच प्रवेश असेल, तर 90 पैकी दिवस शिल्लक असले तरी बाहेर पडल्यावर व्हिसा संपला.

खेळाडूचे दिवस मात्र असे मोजत नाहीत. तिच्याकडं दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असतो आणि त्या देशातले तिचे दिवस ह्या हिशोबात येत नाहीत. म्हणजे एकाच खोलीत दोन माणसं, एकीला पूर्ण वर्ष आणि दुसऱ्याला नव्वद दिवस.

‘तिच्या परवान्यावर नवऱ्याला कुटुंब म्हणून बोलावता येतं की,’ असं कुणी म्हणेल. येतं, पण लगेच येईल असं नाही. युरोपियन युनियनचा 2003चा निर्देश आहे. त्याप्रमाणे सदस्य देश कुटुंब बोलावण्याआधी खेळाडूनं दोन वर्षांपर्यंत कायदेशीर राहिलेलं असावं अशी अट घालू शकतात. कुठला देश किती अट घालतो आणि कुठल्या प्रकारच्या परवान्याला सूट देतो, हे वेगवेगळं आहे आणि बदलतं. म्हणून सही करण्याआधी क्लबला लेखी विचारा: माझ्या पतीला कुठल्या कलमाखाली, कधीपासून, किती काळ राहता येईल? त्याला काम करता येईल का? उत्तर ईमेलवर घ्या. क्लबला माहीत नसेल तर त्या देशाच्या वकिलातीला विचारा. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, एखाद्या अकादमीत पैसे घेऊन पोरांना शिकवणंसुद्धा नाही. मी मैदानाच्या कडेला हात बांधून उभा राहायचो. ज्यानं रोज पोरांना पळवलंय त्याला ते फार जड जातं.

ऑक्टोबर संपायच्या आत मला निघावं लागलं. लिथुआनियाचा सीझन वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो, म्हणजे तिचे शेवटचे सामने राहिले होते. पुढं डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असलेलं तेच शहर. सराव बंद हॉलमध्ये, कृत्रिम गवतावर. तिथंच तिचा घोटा मुरगळला, आणि मी इथं परभणीत.

गावाकडं वेगळंच. ‘बायकोच्या मागं कामून गेला व्हतास?’ असं आधी विचारणारे काका आता म्हणाले, ‘भांडून आलास का रं?’ सासूबाई रोज फोनवर तिला विचारायच्या, ‘माय, जेवलीस का? लई गार हाय का तिथं?’ आणि फोन ठेवला की रडायच्या. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो. ती संध्याकाळी फिजिओकडून खोलीवर यायची तेव्हा इथं झोपायची वेळ. आम्ही एक ठरवलं होतं, त्याचा उपयोग झाला: फोनवर आधी घोट्याचं आणि जेवणाचं बोलायचं, पैशांचं फक्त रविवारी.

त्या महिन्यांत मी तिला संदेश झिंगनचं सांगायचो. भारतीय संघाचा एवढा मोठा बचावपटू 2021मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडं गेला, सरावात दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता परत आला. पुढं कितीतरी वर्षं भारतासाठी खेळला. पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागलं म्हणून तुम्ही संपत नाही. हे तिला ऐकायची गरज होती आणि मलाही बोलायची.

पैशांचं थोडक्यात. करारातला आकडा कर कापून हातात येणारा की आधीचा, ते लिहून घ्या. छोट्या क्लबांत पगार पुढं ढकलला जातो. नियम असा की दोन महिन्यांचा पगार थकला, तर लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवस वाट बघायची, आणि तरी नाही मिळाला तर खेळाडू योग्य कारणानं करार सोडू शकते. फिफाच्या ट्रिब्युनलकडं तक्रार करायला खेळाडूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. प्रत्येक पगाराची बँकेची नोंद ठेवा. रोख घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

‘मूल कधी’ हा प्रश्नही घरात येणारच, तर त्याचंही सांगतो. 2021पासून फिफानं व्यावसायिक महिला खेळाडूंना किमान 14 आठवड्यांची बाळंतपणाची रजा ठेवली आहे, पगाराच्या किमान दोन तृतीयांशासह. गरोदर आहे म्हणून करार तोडता येत नाही. हे सासरच्यांना मी स्वतः वाचून दाखवलं. नवऱ्यानंच दाखवावं, पोरीवर सोडू नये.

सामान भरताना ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला खुशाल न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका. बाहेरच्या देशातून सोबतच्या सामानात दुधामांसाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. ताकद येण्यासाठी कुणी दिलेलं चूर्ण, लेह्य, डब्यातली पावडर, काहीही नाही. उत्तेजक चाचणीत सापडलं तर ‘आईनं दिलं होतं’ हे उत्तर कुणी मानत नाही, पोटात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

एक गोष्ट आपल्याकडं हमखास नडते, ती नावाची. तिच्या पासपोर्टावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, ग्रामपंचायतीच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. दाखल्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षरन्‌अक्षर तसंच आहे का बघा. नसेल तर आधी दुरुस्ती करा. मग राज्य शासनाकडून प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का), आणि तिकडच्या भाषेत भाषांतर. एका कार्यालयातून दुसऱ्यात जाताना आठवडे जातात आणि घाई करून काही होत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या करारात पतीच्या परवान्याचं एक कलम आम्ही घालून घेतलं: क्लब कागद देईल, अर्जाचा खर्च करेल, आणि परवाना मिळेपर्यंत वर्षातून एक परतीचं विमानतिकीट देईल. क्लबनं सही केली. छोटा क्लबही एवढं देतो, कारण सीझनच्या मध्यात मन उडालेला बचावपटू त्यालाही परवडत नाही. हिवाळ्यातल्या विंडोला जायचं चाललं असेल, तर लग्नाचा दाखला दिवाळीच्या आधी ग्रामपंचायतीतून काढा. दिवाळीत ग्रामसेवक सापडत नाहीत.