मुले घरात आणि ऑफिसही घरात : या चुका टाळा

घरून काम करण्याची मुभा मिळाली की पाळणाघराचा खर्च वाचला, असे गणित अनेक घरांत मांडले जाते आणि घोळाला तेथूनच सुरुवात होते. वेगळी ठेवायची ही दोन खाती आहेत. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद एकीकडे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय दुसरीकडे, अशी विभागणी कायद्यानेही केली होती. तीन वर्षांचे मूल सांभाळणे हेच दिवसभराचे काम आहे. ते मीटिंगच्या फटीफटींतून उरकेल असे धरून चालले, तर कामही अर्धवट राहते आणि मूलही रडवेले होते.

"आजी आहेच की" हे याच चुकीचे दुसरे रूप. आजीची पूजा, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळची मालिका यांच्या वेळा न विचारताच आपण कॉल ठरवतो आणि मग कोणी कोणाला गृहीत धरले यावर आठवडाभर अबोला चालतो. ज्या दोन-तीन तासांत तुम्ही अजिबात उठू शकणार नाही, तेवढेच आदल्या रात्री आजीला सांगावेत आणि एरवी तिला मोकळे ठेवावे.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र दोनच शब्दांची आहे : "पाच मिनिटे". माझा मुलगा चार वर्षांचा असताना कोड्याचा शेवटचा तुकडा हातात घेऊन दाराशी उभा राही, मी स्क्रीनवरची नजर न काढता "पाच मिनिटे थांब" म्हणे आणि अर्ध्या तासाने तो तुकडा पलंगाखाली सापडे. त्या वयाच्या मुलाला पाच मिनिटे म्हणजे किती हे कळत नाही. आपण सांगितलेली वेळ पाळत नाही, एवढे मात्र त्याला फार लवकर कळते. पुढे मी टेबलावर वाळूचे घड्याळ ठेवले, वाळू खाली गेली की उठायचे असा नियम स्वतःला घातला आणि वाक्य अर्धे राहिले तरी उठू लागले. पहिल्या आठवड्यात त्याने ते घड्याळ चारदा उलटे करून मलाच फसवले, हा भाग वेगळा! तरीही दार वाजण्याचे प्रमाण खूपच कमी झाले. दाराला कडी लावण्याचा उपाय या वयात बहुधा उलटतो, कारण बंद दारामागे आई आहे हे माहीत असलेले मूल दुसरे काही करूच शकत नाही. त्यापेक्षा कॉलच्या आधीची दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून त्याच्यासोबत जमिनीवर बसावे आणि खाऊची वाटी व पाण्याची बाटली त्याच्या हाताला येईल अशी ठेवावी, कारण पुष्कळदा ते तुमच्यासाठी नव्हे, तर भुकेपोटी आलेले असते.

मोबाइल हातात देणे ही चूक आहेच, पण ती केव्हा करायची हेही ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि कमी असेल तितके चांगले. तो तास सकाळी डबा भरतानाच खर्ची पडला, तर दुपारच्या सादरीकरणाच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही.

वेळापत्रक एकदाच आखून विसरून जाणे हीही चूकच. राज्यातील चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्यामुळे बूट, डबा आणि रिक्षावाले काका यांची धांदल पुष्कळ घरांत थेट ऑफिसच्या पहिल्या कॉलवर येऊन आदळते. अमेरिकेतील ग्राहकांबरोबर काम करणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. तेथील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला होणारा कॉल दुसऱ्या दिवसापासून साडेआठला, नेमक्या मुलांच्या झोपेच्या वेळी येतो. तो कॉल मार्चपर्यंत अर्धा-एक तास अलीकडे घेता येईल का, हे ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवावे. नोव्हेंबरात, पेंगुळलेले मूल खांद्यावर घेऊन विचारण्यापेक्षा ते सोपे जाते.