तारीख नसलेला राजीनामा आणि नोकरीतल्या आणखी काही चुका

गोव्यातल्या फोंड्यात माझं लहानसं ऑफिस आहे. हजेरीपत्रकं, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), बोनसचे हिशेब ही माझी रोजीरोटी. पात्रांव, म्हणजे मालक, येतात, कामगारही येतात, आणि दोघेही गाडं रुतल्यावरच येतात. "एक फॉरमॅट व्हॉट्सॅपवर पाठवा ना, नाव मी बदलतो," असं म्हणणाऱ्याला मी हल्ली चहासुद्धा विचारत नाही. त्या फॉरमॅटनेच निम्मी भांडणं लावून दिली आहेत.

पहिली चूक, आणि माझं डोकं सर्वांत जास्त फिरवणारी: तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही. नोकरीला घेतानाच पाचसहा कागद पुढे सरकवतात, "कर रे सही, सगळेच करतात." त्यातला एक राजीनामा असतो.

बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात नऊ वर्षं तंदूर सांभाळलेला डिचोलीकडचा एक माणूस माझ्याकडे आला होता. दर मे महिन्याच्या शेवटी त्याचा राजीनामा दाखल व्हायचा आणि ऑक्टोबरात नवं नेमणूकपत्र. प्रत्यक्षात पावसातही हॉटेल चालू होतं आणि हा तिथेच रोट्या भाजत होता. कंबर गेली म्हणून नोकरी सोडली, तेव्हा व्यवस्थापनाने सांगितलं, "तुझी नोकरी आठ महिन्यांची. ग्रॅच्युइटी कसली?" (ग्रॅच्युइटी म्हणजे सलग सेवेच्या वर्षांप्रमाणे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम.) प्लास्टिकच्या पिशवीत नऊ नेमणूकपत्रं घेऊन तो माझ्यासमोर बसला. "सायब, सही माझीच आहे. आता काय उरलं?"

मी पीएफचं पासबुक मागितलं. ते काय असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडलेला मोबाइल नंबर हॉटेलातल्या कुठल्याशा क्लार्कचा निघाला. तो बदलून घ्यायला पणजीला दोन खेपा झाल्या. पासबुक उघडलं तर नऊही वर्षांचे जून, जुलै, ऑगस्ट भरलेले! एचआरवाले ब्रेकचा खेळ खेळत होते, पण त्यांचाच अकाउंटंट दर महिन्याला इमानेइतबारे चलन भरत होता. त्या अकाउंटंटला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते वर्ष सलग सेवेचं. पगारी रविवार आणि सुट्या त्यात धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवलं आहे. मग हिशेब सरळ होता. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००. त्याला २६ने भागलं की दिवसाचे ७००, गुणिले १५ दिवस, गुणिले ९ वर्षं: ९४,५०० रुपये. सुनावणीच्या दुसऱ्या तारखेच्या आतच हॉटेलने चेक दिला.

तेव्हा राजीनामा लिहायचाच असेल तर स्वतःच्या हाताने लिहा, तारीख अक्षरी आणि आकडी दोन्ही घाला, आणि प्रतीवर पोच घ्या. माझी स्वतःची सवय अशी की सहीच्या शेजारी वेळही लिहितो. लोक हसतात, हसू देत. यूएएनला नंबर तुमचाच हवा, आणि दर तीन महिन्यांनी पासबुक बघा.

खरोखरच मोसमापुरत्या चालणाऱ्या आस्थापनेचा हिशेब वेगळा: तिथे कायदा लागू असेल तर ग्रॅच्युइटी दर मोसमाला सात दिवसांच्या पगाराने मिळते. पण बारमाही हॉटेलने स्वतःला मोसमी म्हणवून घ्यायचं, याला कायद्यात जागा नाही.

आता पात्रांवांची लाडकी चूक: फोनवरून "उद्यापासून येऊ नको."

एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराने मशीनवर दारू पिऊन आलेल्या हेल्परला असंच घालवलं. कारखानदाराचं म्हणणं खरं होतं, चार माणसांनी पाहिलं होतं. पण ना कारणे दाखवा नोटीस, ना आरोपपत्र, ना चौकशी. साक्षीदारांपैकी दोघे पुढे नोकरी सोडून गेले, आणि लेबर कोर्टात हाती राहिला फक्त त्या फोनचा उल्लेख असलेला कामगाराचा अर्ज. शेवटी पैसे देऊन तडजोड करावी लागली. "पण तो प्यायलेला होता हो!" असं ते मला अजून सांगतात. असेल. त्या दिवशी अर्धा तास बसून दोन ओळी लिहिल्या असत्या, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या आणि त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, तर गोष्ट निराळी झाली असती. घाईत नोकरीवरून काढणं म्हणजे स्वस्तात सुटणं, असं वाटणाऱ्यांसाठी माझी फी जास्त आहे.

कामगारांनीही इथे झोपू नये. काढून टाकल्याचा वाद उठवायला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, नोकरी सुटल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. "पाच वर्षं होऊ देत मग बघू" हे धोरण त्याच्या बाबतीत संपलं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चवथीला दिलेली माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-भाज्या) आणि साखर म्हणजे बोनस नव्हे. कायदा लागू असेल तर किमान ८.३३ टक्के पैशांत द्यायचे असतात.

दहा माणसं झाली आणि ईएसआयचं काम "मार्चनंतर करू" म्हणून ठेवलं, की बोट नेमकं फेब्रुवारीत कापतं. खर्च मग तुमचा.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका, ठेवायला देऊही नका. झेरॉक्स कशासाठी असते?

"सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या हॉटेलात जाणार नाही" असं लिहून घेतलंत? करार कायद्याचं कलम २७ वाचा. ती ओळ शाई फुकट घालवणारी आहे.

सुपरवायझर म्हटल्याने कामगार सुपरवायझर होत नाही. तो दिवसभर काय करतो ते बघतात, व्हिजिटिंग कार्ड बघत नाहीत.

पणजीत पाटोच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे मजूर आयुक्तांच्या कार्यालयात, जायचं झालं तर कागद तारखेप्रमाणे लावा, तीन संच करा, आणि पावसात जात असाल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या. एकाची नऊ महिन्यांची पगारपत्रकं कदंबा बसच्या गळक्या खिडकीखाली भिजून लगदा झालेली मी पाहिली आहेत. त्यातली दोनच वाचता आली.