टेबलावरचं बेसबॉल: जुन्या दोस्तांच्या डावात या चुका टाळा

शाळेत मागच्या बाकावर पुस्तक क्रिकेट खेळलेल्या माणसाला या खेळाची गोडी वेगळी सांगावी लागत नाही. पुस्तक उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. फक्त तिथे गावसकर आणि दिलीप दोशी दोघांचं नशीब सारखंच असायचं. अमेरिकेतल्या टेबलावरच्या बेसबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं कार्ड असतं, आणि ते त्याच्या त्या मोसमातल्या खऱ्या कामगिरीवरून बेतलेलं असतं. फासे टाकायचे, पडलेलं दान कार्डावर शोधायचं, आणि इनिंग पुढे सरकते.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये जे. रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये एपीबीए नावाचा असा खेळ विकायला काढला, आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक आला. आजही लोक हे दोन्ही खेळ खेळतात. मी राहतो न्यू जर्सीतल्या चेरी हिलला, म्हणजे नदी ओलांडली की फिलाडेल्फिया. दर गुरुवारी रात्री शेजाऱ्यांच्या तळघरात आमचा डाव बसतो. बाकीचे चौघं जन्मापासून फिलीजचे, म्हणजे फिलाडेल्फियाच्या संघाचे, चाहते. मी त्यांच्यात उशिरा सामील झालो, पण इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून कुठे गाडं अडतं ते नीट बघितलं आहे.

सुरुवातीलाच अख्खा मोसम खेळायला घेणं

सगळ्यात जास्त डाव इथेच मोडतात. नवा संच येतो, उत्साह असतो, आणि ठरतं की पूर्ण मोसम खेळून काढायचा. आम्ही १९६४ ची नॅशनल लीग (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) काढली होती. १० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे एकूण ८१० सामने. एक सामना अर्ध्या तासात संपतो असं धरलं तरी ४०५ तास होतात. आठवड्याला दोन तास बसणाऱ्यांना जवळजवळ चार वर्षं लागतील. मे महिन्याच्या सामन्यांपर्यंत पोचेपर्यंत दोघांनी यायचं बंद केलं होतं.

यावर उपाय म्हणजे मोसमाचा एखादा तुकडा निवडा. आमच्या यजमानांनी तो चटकन निवडला, कारण तो त्यांच्या उरात ६० वर्षं रुतून बसलेला होता. सप्टेंबर १९६४ मध्ये फिलीज साडेसहा गेमने (साधारण तितक्या विजयांनी) आघाडीवर होते आणि १२ सामने उरले होते. त्यानंतर ते ओळीने दहा सामने हरले आणि लीगचं अजिंक्यपद सेंट लुइस कार्डिनल्सनी नेलं. आम्ही फक्त ते १२ सामने खेळायचं ठरवलं: सिनसिनाटी रेड्सशी तीन, मिलवॉकी ब्रेव्ह्जशी चार, कार्डिनल्सशी तीन आणि शेवटी पुन्हा रेड्सशी दोन. यायचं बंद केलेले दोघंही परत आले.

पिचरची विश्रांती लिहून न ठेवणं

फासे आणि कार्डं यांना तारीख कळत नाही. कालच नऊ इनिंग टाकलेला पिचर, म्हणजे बेसबॉलचा बोलर, आज पुन्हा टेबलावर ठेवला, तरी त्याचं कार्ड तेवढंच चांगलं राहतं. एका सामन्यापुरता थकवा कार्डावर दाखवलेला असतो. दिवसांचा हिशोब मात्र खेळणाऱ्यांनीच ठेवायचा असतो. तो ठेवला नाही तर दोन हुकमी पिचर आलटून पालटून उतरवण्याचा मोह होतो आणि सगळ्या स्पर्धेची मजा जाते.

आमच्या टेबलावर या चुकीला फार वजन आहे, कारण खुद्द १९६४ चं दुखणं तेच होतं. फिलीजचे मॅनेजर जीन मॉक यांनी दोनच पिचर आलटून पालटून वापरले: क्रिस शॉर्टला २२, २५ आणि २८ सप्टेंबरला उतरवलं, आणि जिम बनिंगला २४, २७ आणि ३० ला. म्हणजे मध्ये जेमतेम दोन दिवस. हे सहाही सामने फिलीज हरले. मॉक यांच्यापुढे अडचण होती हेही खरं: बाकीच्या पिचरपैकी डेनिस बेनेटचा खांदा दुखत होता आणि रे कल्पचं कोपर. पण बनिंग म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचू न देता) टाकलेला माणूस. त्याला असं थकवलं, याचा राग आमच्यातले दोघं अजून धरून आहेत, आणि तिसरा दर वेळी मॉकची बाजू घेतो. हा वाद मला ऐकायला आवडतो, कारण त्यात आकडेही असतात आणि त्यांचं बालपणही असतं.

आम्ही एक साधी वही केली. डावीकडे तारीख, मग पिचरचं नाव, टाकलेल्या इनिंग, आणि पुन्हा कधी उतरवता येईल तो दिवस. सुरुवात करणाऱ्या पिचरला मध्ये किमान तीन दिवस मोकळे. वही टेबलाच्या मधोमध असते, कुणा एकाच्या हातात नसते. एवढ्याने निम्मी भांडणं मिटली.

कमी खेळलेल्या खेळाडूला रोज खेळवणं

१९५७ च्या मिलवॉकी ब्रेव्ह्जमध्ये बॉब हेझल नावाचा खेळाडू होता. ४१ सामने, १३४ ॲट-बॅट्स (बॅटिंगच्या मोजलेल्या पाळ्या) आणि सरासरी .४०३, म्हणजे शंभर पाळ्यांत चाळीस हिट. त्याचं कार्ड हातात आलं की कुणालाही वाटणार, याला रोज खेळवू. पण ते कार्ड त्या १३४ ॲट-बॅट्सचं आहे. त्या मोसमाचे १५४ सामने त्याच्या जोरावर काढले, तर तो मोसम कुठल्याच जगात घडला नसता. म्हणून आधीच मर्यादा ठरवा. खऱ्या मोसमात जितक्या वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला, तितक्याच वेळा टेबलावर. फार तर दहा टक्के जास्त. आपला लाडका राखीव खेळाडू असला तरी.

कार्डावरच्या ओळी मोजणं, शक्यता न मोजणं

नवख्या माणसाचा हा हमखास घोटाळा. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये एक फासा वेगळ्या रंगाचा असतो. तो रकाना ठरवतो: १ ते ३ आलं तर बॅटरच्या कार्डावर बघायचं, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. आता दोन फाशांत ७ पडण्याचे सहा मार्ग, पण २ किंवा १२ पडण्याचा एकेकच. एकूण २१६ शक्यतांपैकी ७ समोरच्या होमरनला (बेसबॉलचा षटकार) सहा मिळतात, २ समोरच्या होमरनला फक्त एक. ६०० वेळा बॅटिंग केली, तर पहिला सतराएक वेळा लागेल आणि दुसरा तीनेक वेळा. कार्डावर दोन्ही ओळी सारख्याच जाड छापलेल्या दिसतात, म्हणून डोळा फसतो. खेळाडू निवडताना एकदा पेन्सिल घेऊन ६, ७, ८ समोर काय आहे ते बघा.

एपीबीएमध्ये बेरीज करायचीच नसते. मोठा फासा दशकाचा आणि छोटा एककाचा, म्हणून दान ११ ते ६६ असं वाचतात. दोन्ही खेळ खेळणारी माणसं एकत्र आली की इथे गडबड होते. डाव मांडताना एकदा मोठ्याने सांगून टाकलेलं बरं.

क्षेत्ररक्षणाकडे दुर्लक्ष

जोरकस बॅटर मिळाला की त्याला कुठेही उभा करायचा, ही खोड जाता जात नाही. १९६४ चा फिलीजचा डिक ॲलन आठवा. पहिलंच पूर्ण वर्ष, २९ होमरन, .३१८ सरासरी, रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान. आणि त्याच मोसमात थर्ड बेसवर (तिसऱ्या तळावर) ४१ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका. कार्ड दोन्ही गोष्टी दाखवतं. त्याला खेळवावंच लागतं, पण मग त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपवर (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर) हात पक्का असलेला माणूस ठेवा. सगळ्यात जास्त अवघड चेंडू शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसकडे जातात. या दोन जागांवर बॅटिंगसाठी तडजोड करू नका.

“हे कार्डच चुकलंय!”

तीनशेच्या सरासरीचा बॅटर १२ सामन्यांत पन्नासेक वेळा खेळेल आणि हिशोबाने पंधरा हिट मारेल. पण ९ पासून २१ पर्यंत काहीही आलं तरी त्यात नवल नाही. कार्ड बदलायला जाऊ नका, फासे बदलून बघायलाही नको. १९६८ मध्ये कार्डिनल्सचा पिचर बॉब गिब्सनचा अर्न्ड रन ॲव्हरेज (एररमुळे मिळालेले सोडून नऊ इनिंगमागे दिलेले रन) अवघा १.१२ होता, तरी तो नऊ सामने हरलाच होता.

बारीकसारीक, पण त्रासदायक

कार्डांना रबर बँड लावू नका, कडा वाकतात. तळघरात दमट असेल तर डब्यात ठेवा. इथन ॲलन या माजी खेळाडूच्या १९४१ च्या खेळातल्या गोल चकत्या आणि फिरता काटा कुणाकडे असेल, तर टेबल सपाट आहे का ते आधी बघा. टेबल कललेलं असेल तर काटा एकाच बाजूला थांबायला लागतो. फासे टाकायला मी घरून स्टीलचं ताट नेलं होतं, पण वरच्या मजल्यावर सगळे जागे झाले. मग त्यात जुन्या सतरंजीचा तुकडा कापून बसवला. तेच ताट आजही वापरतो.

फासा ताटाबाहेर पडला किंवा कडेला तिरका टेकला तर काय, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आमचे सगळे घरगुती नियम एका पानावर आहेत आणि ते पान डब्याच्या झाकणाला चिकटवलेलं आहे. सामना चालू असताना नवा नियम नाही. ज्याच्या बाजूने तो नियम जातो त्याच्याबद्दल मनात अढी बसते, आणि चाळीस वर्षांच्या मैत्रीत ती अढी कुणाला परवडत नाही.

आठवण निघाली की घाई करणं

ही चूक मी स्वतः बराच काळ केली. घड्याळ बघून ‘चला, पुढचा बॅटर’ म्हणायचो. ही माणसं तासाला दोन सामने उरकायला जमत नाहीत, हे कळायला मला वेळ लागला.

आम्ही २१ सप्टेंबरचा सामना लावला तो गुरुवार. त्या पराभवांच्या मालिकेतला पहिला सामना, १-० असा गेलेला. सहाव्या इनिंगमध्ये रेड्सचा चिको रुईझ थर्ड बेसवर होता, दोन आउट झाले होते, बॅटिंगला त्यांचा हुकमी बॅटर फ्रँक रॉबिन्सन. आणि रुईझने सरळ होम प्लेट चोरली, म्हणजे हिटची वाट न बघता थर्डवरून धावत येऊन रन काढला. सामन्यातला एकमेव रन तोच. यजमान तेव्हा दहा वर्षांचे. उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून ऐकत होते.

आमच्या डावात रेड्स माझ्याकडे होते, आणि समोर फिलीजचा पिचर आर्ट महाफीचं कार्ड. चौथ्या इनिंगमध्ये रुईझ थर्डवर पोचला. दोन आउट, रॉबिन्सन पुढे. मी फासे हातात घेतले तसा यजमानांनी हात वर केला. ते बोलायला लागले: ती खोली, रेडिओवरचा आवाज, वडील दारात येऊन न बोलता उभे राहिले ते. वीस मिनिटं गेली असतील. कॉफी गार झाली. कुणी घड्याळ बघितलं नाही.

मग ते म्हणाले, “चोरायला सांग त्याला.”

मी म्हटलं, “नको. रॉबिन्सनला खेळू दे.”

“सांग. झाकणावरच्या पानात नियम आहे.”

होम चोरण्याचा नियम आमच्या पानावर होताच, आणि त्यात यश अगदी कमी वेळा येतं. मी फासे ताटात टाकले. रुईझ आउट. पिचरकडून कॅचरकडे, १-२ (स्कोअरशीटवर पिचरचा आकडा १, कॅचरचा २).

यजमानांनी पेन्सिलीला टोक काढलं, स्कोअरशीटच्या चौकटीत ‘१-२’ लिहिलं आणि त्याखाली तारीख घातली. आकडे जरा मोठेच आले. मग शीट माझ्याकडे सरकवून म्हणाले, “माझी बॅटिंग. ॲलन येतोय.”