झोपून असलेल्या पेशंटची कूस कशी बदलावी: नव्या मावशींसाठी

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, आणि आजही सांगली जिल्ह्यातले, पलीकडे कर्नाटकातलेही पेशंट मिरजेची वाट धरतात. इथल्याच एका हॉस्पिटलात मी १९ वर्षं मावशी आहे. नवीन मुलगी आली की तिला फरशी पुसायला शिकवतात, भांडं द्यायला शिकवतात. कूस बदलायचं मात्र 'बघून शीक' म्हणतात. ते नुसतं बघून येत नाही, म्हणून लिहिते.

मी नवीन असताना एका आजींना घाईघाईत एकटीनंच काखेत हात घालून वर ओढलं. माकडहाडावरची कातडी सोलून निघाली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, हे तेव्हा माहीत नव्हतं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले. पुढं कितीतरी दिवस त्यांच्या ड्रेसिंगला ट्रे धरून मीच उभी असायची. तेव्हापासून पेशंट ओढायचा नाही, चादरीसकट उचलून सरकवायचा, आणि दोघींनी.

आधी सिस्टरना विचारा. मणक्याला मार लागलाय किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय, तर आपल्या मनानं हात लावायचा नाही. बाकीच्यांची कूस, एकाच जागी दाब पडून जखम होऊ नये म्हणून, साधारण दर दोन तासांनी, नाहीतर सिस्टर सांगतील तशी.

बेडचा ब्रेक लावा, पडदा ओढा. लघवीची पिशवी आधी रिकामी करा. वळवताना ती पेशंटच्या वर उचलली तर लघवी नळीतून उलटी आत जाते आणि इन्फेक्शन होतं. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकता कामा नये. आता पेशंटला सांगा, 'काका, डाव्या कुशीवर वळवतेय.' बेशुद्ध असले तरी सांगा. कर्नाटकातल्या अथणी, रायबागकडच्या आजींना मराठी येत नसेल तर कानडीतले 'नोवु' म्हणजे दुखणं आणि 'नीरु' म्हणजे पाणी, एवढे दोन शब्द तरी येऊ द्यात.

डावीकडं वळवायचं तर आधी दोघींनी खालची आडवी चादर धरून पेशंट बेडच्या उजव्या कडेला घ्या, म्हणजे वळल्यावर तो बरोबर मधे येतो. उजवा हात छातीवर, उजवा गुडघा दुमडलेला. एकीनं डाव्या बाजूला उभं राहून एक हात खांद्याला, एक खुब्याला लावायचा आणि आपल्याकडं हळू वळवायचं. दुसरी पलीकडं थांबते, नळ्या सांभाळते. पूर्ण आडव्या कुशीवर नको, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. अर्धवट कलता ठेवून पाठीमागं उशी द्या. दोन गुडघ्यांमधे एक उशी, आणि पोटरीखाली अशी एक की टाचा अधांतरी राहतील. नातेवाईक हवेची रबरी रिंग आणतात, माया असते बिचाऱ्यांची. पण रिंगच्या कडेनं दाब पडून मधल्या भागाचं रक्त अडतं, म्हणून ती वापरू नका.

पाठ उघडी असते तोवरच बघून घ्या: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कानाची पाळी. लाल दिसलं तर बोटानं दाबा. बोट काढल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त फिरतंय. लाल तसंच राहिलं तर जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हाताला गरम किंवा टणक लागतंय का बघा. तिथं चोळायचं मात्र अजिबात नाही. तेल लावून चोळायला सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यानं आतली कातडी आणखी फाटते.

ओली चादर लगेच बदला, सुरकुती राहू देऊ नका. मळलेलं डायपर पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. मग हात धुवा.

शेवटी सिस्टरना सांगायचं. डॉक्टरांचा राउंड दोन मिनिटांचा, सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड. पेशंटच्या पाठीकडं दिवसातून इतक्या वेळा बघणारी मावशीच असते. 'जरा लाल वाटतंय' असं पुटपुटू नका. जागा, वेळ, काय दिसलं ते नीट सांगा: 'सिस्टर, सात नंबरच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढं लाल आहे, दाबून जात नाही, दहा वाजता नव्हतं.' आणि त्या बघायला येईपर्यंत बेडपाशीच थांबा.